हुकूम वरिष्ठाचा, जबाब कुणाचा? अग्निवीर की कर्नाटक पोलीस

खानापूर-निपाणीकडची पोरं बेळगावच्या मराठा सेंटरसाठी (लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र) आणि पोलीस भरतीसाठी पहाटे एकाच रस्त्यावर पळतात. निवड करताना पगार, सुट्टी, पेन्शन सगळं विचारतात. हुकूम नाकारला तर काय, हे सहसा कुणी विचारत नाही.

नोकरी चारच वर्षांची असली तरी अग्निवीराला १९५०चा आर्मी ॲक्ट लागतो. कलम ४१ प्रमाणे वरिष्ठाने समक्ष दिलेला कायदेशीर हुकूम मुजोरीने धुडकावला, तर १४ वर्षांपर्यंत कैद. साध्या अवज्ञेला शांतताकाळात ५ वर्षांपर्यंत. हुकूम तोंडी असला तरी बंधनकारक, आणि देणारा हवालदार असला तरी वरिष्ठच. कळीचा शब्द ‘कायदेशीर’: काम लष्करी हवं, देणाऱ्याच्या अधिकारातलं हवं, गुन्हा करायला लावणारं नको. साहेबांच्या घरची धुणीभांडी त्यात बसत नाहीत. मात्र हुकूम नुसता जाचक असेल, तर आधी पाळायचा, मग कलम २६ खाली तक्रार करायची. नवखे इथेच फसतात. अन्याय वाटला की तो हुकूम बेकायदाच, असं धरून चालतात.

पोलिसात अवज्ञेची भीती तुलनेने कमी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मुळे सहसा खातेचौकशीशिवाय बडतर्फी होत नाही. फौजी माणसाला हे कवच नाही.

जमाव पांगवताना मात्र पारडं सैनिकाकडे झुकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५१ मध्ये पोलिसाला संरक्षण आहे ते ‘सद्भावनेने’ केलेल्या कृतीपुरतं. सैनिकाने पाळणं बंधनकारक असलेला हुकूम पाळला, तर तो गुन्हाच ठरत नाही. खटल्यासाठी सैनिकाच्या बाबतीत केंद्राची, तर राज्य पोलिसाच्या बाबतीत राज्य सरकारची मंजुरी लागते.

‘साहेब म्हणाले, म्हणजे कायदेशीरच असणार’ हा बचाव दोन्हीकडे लंगडा. भारतीय न्याय संहितेचं कलम १४ वस्तुस्थितीची चूक माफ करतं, कायद्याची नाही. रीतसर चौकशी करूनही भलत्याच माणसाला अटक झाली तर ती वस्तुस्थितीची चूक. हुकमावरून कोठडीत मारहाण केली तर ती कायद्याची. बनावट चकमकीचा हुकूम नाकारणं हे पोलिसाचं कर्तव्यच आहे, नाहीतर खुनाचा खटला, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं. हुकूम देणाराही सुटत नाही, पण तेवढ्यावरून पाळणाऱ्याची शिक्षा कमी होत नाही.

आमच्या मते, तोंडावर ‘नाही’ म्हणायची वेळ ठाण्यात जास्त येते. तो स्वभाव नसेल तर पलटण बरी.