बायपासनंतरची जीवनसत्त्व-तपासणी: रत्नागिरीतील एका संकलन केंद्राचा अनुभव

वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया मुंबईत करून मी पावसला परतले, त्याला आता तीन वर्षे झाली. तेव्हापासून सगळ्या रक्ततपासण्यांसाठी मी रत्नागिरी शहरातील एकाच खासगी संकलन केंद्रावर अवलंबून आहे. साध्या तपासण्या तिथेच होतात आणि जीवनसत्त्वांच्या नळ्या मुंबईच्या मुख्य प्रयोगशाळेत जातात. केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जी उणीव सांगणार आहे ती त्या एकाच केंद्रापुरती असेल असे मला वाटत नाही.

आधी चांगले ते सांगते. सकाळी सातला घरी येऊन रक्त घेणारी ताई वेळ चुकवत नाही. माझी शीर सहज सापडत नाही, तरी दुसऱ्यांदा सुई टोचण्याची वेळ तिने क्वचितच आणली. पहिल्याच भेटीत तिने विचारले, ‘‘केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेता का?’’ वजन झपाट्याने उतरताना केस गळतातच आणि आपण कुणीतरी सुचवलेल्या गोळ्या सुरू करतो. परंतु जास्त मात्रेतील बायोटिनमुळे काही संप्रेरकांचे व जीवनसत्त्वांचे आकडे खोटे येऊ शकतात. तिने ती तपासणी पुढे ढकलली, डॉक्टरांना विचारून गोळी काही दिवस थांबवायला सांगितली आणि मगच नमुना घेतला. एवढी दक्षता मला मोठ्या रुग्णालयातही दिसली नव्हती.

तक्रार आहे ती त्यांच्या ‘पॅकेज’बद्दल. जीवनसत्त्वांचे पॅकेज म्हणून जे दिले जाते त्यात बी-१२, डी आणि कॅल्शियम एवढेच असते. निरोगी माणसाला ते पुरेसे असेल, पण आमच्यासारख्यांना नाही. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः त्याच भागात शोषले जाते. दीड वर्ष मी हेच पॅकेज करत राहिले. हिमोग्लोबिन १२.१ होते, म्हणून सगळे ठीक आहे असे समजत होते. मात्र पावसच्या घाटीतून चढताना दम लागायचा आणि दुपारी डोळे मिटायचे. सर्जनांनी फोनवर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करायला सांगितले, ते ८ निघाले. शरीरातील लोहाचा साठा संपत आला होता आणि हिमोग्लोबिनने ते अजून दाखवले नव्हते. फेरिटिन पॅकेजमध्ये असते तर हे कितीतरी आधी कळले असते, ही खंत अजून जात नाही. त्याच वेळी सांगितलेली पॅराथायरॉइड संप्रेरकाची तपासणीही पॅकेजमध्ये नव्हती. रक्तातले कॅल्शियम योग्य दिसत असतानाही ते हाडांतून ओढून आणले जात असू शकते, हे त्या आकड्यावरून कळते.

अहवालावरील ‘नॉर्मल’ या शब्दाविषयीही सावध राहावे लागते. माझे बी-१२ २३० आले तेव्हा कागदावर कुठेही खूण नव्हती. डॉक्टरांचे मात्र समाधान झाले नाही. त्यांनी बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणाऱ्या मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी करवली, ती वाढलेली निघाली आणि महिन्याचे इंजेक्शन सुरू झाले. यकृतात बी-१२चा साठा बराच काळ पुरतो, म्हणून पहिल्या वर्षीचे चांगले अहवाल पाहून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. शेजारच्या काकू प्रेमाने तारल्या आणि तिसऱ्या आणून देतात, त्यांत बी-१२ भरपूर असते हेही खरे. पण ते शोषून घेण्यासाठी जठरातून येणारा घटक अन्नात नीट मिसळतच नसेल तर नुसत्या आहाराने भागत नाही.

नमुन्यांच्या वाहतुकीबाबत केंद्राचे वागणे प्रामाणिक आहे. बी-१ आणि अ जीवनसत्त्वाच्या नळ्या उजेडापासून जपाव्या लागतात. ताई त्या माझ्यासमोर चांदीच्या कागदात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवते. गेल्या जुलैत घाटात दरड कोसळून गाडी अडकली, तेव्हा केंद्राने स्वतः फोन करून नमुना खराब झाल्याचे कळवले आणि पैसे न घेता पुन्हा रक्त नेले. बी-१बाबत मात्र एक गोष्ट प्रत्येक रुग्णाने ध्यानात ठेवावी: उलट्या थांबत नसतील तर अहवालाची वाट पाहत घरी बसू नये, थेट रुग्णालय गाठावे, कारण याची कमतरता काही आठवड्यांत मज्जासंस्थेला इजा करू शकते.

पहिल्या वर्षी मला तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तपासणी सांगितली होती, आता ती दरवर्षी आणि आयुष्यभर आहे. केंद्राने शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी वेगळी यादी करावी, असे मी लेखी कळवले आहे. ती होईपर्यंत मी हे केंद्र सोडणार नाही, पण पॅकेजही घेणार नाही. कार्तिकातल्या तपासणीसाठी सर्जनांच्या सहीची, फेरिटिनपासून जस्त-तांब्यापर्यंतची चिठ्ठी ताईकडे आधीच देऊन ठेवली आहे.