उणे २९ अंशांत गोठलेल्या तळ्यावर मासेमारी: तंबू, भाड्याची खोली की पुढचा आठवडा?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जानेवारीच्या मध्यावर हा पेच हमखास पडतो. शनिवारचा बेत पक्का झालेला असतो, परवाना काढलेला असतो, ओळखीच्या कुणीतरी बर्फाला भोके पाडायचे गिरमिट देऊ केलेले असते, आणि गुरुवारी हवामान खाते सांगते की उत्तरेकडून ध्रुवीय हवा खाली उतरत असून शनिवारी पहाटे पारा उणे २९ अंश सेल्सिअसवर जाईल. मिनिआपोलिस आणि सेंट पॉलच्या परिसरात राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना अशा मासेमारीची नुकतीच गोडी लागली आहे, त्यांच्यापुढे त्या क्षणी तीन वाटा असतात: स्वतःचा तंबू घेऊन ठरल्याप्रमाणे जाणे, तळ्यावरची तापवलेली खोली भाड्याने घेणे, किंवा बेत आठ-दहा दिवस पुढे ढकलून उणे ८ अंशांच्या आसपासचा दिवस गाठणे. या तीन पर्यायांचा हा आढावा नवख्यांसाठी आहे. वीस-वीस हिवाळे बर्फावर काढलेल्यांना त्याची गरज नाही.

बर्फ खचण्याचे भय आणि थंडीचे भय नवख्याच्या मनात एकत्र नांदत असले, तरी प्रत्यक्षात ती एकमेकांच्या उलट चालतात. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार पायी जाण्यासाठी नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ किमान ४ इंच जाड असावा लागतो. लहान मोटारीसाठी ९ ते १० इंच आणि मोठ्या पिकअपसाठी १३ इंच लागतात. बर्फ पांढुरका असेल, म्हणजे ओला हिम गोठून तयार झालेला असेल, तर हे आकडे दुप्पट धरावेत. सलग कडक थंडी ही जाडी वाढवते, आणि संकटे बहुधा ऊबदार हिवाळ्यात ओढवतात. २०२३ चा डिसेंबर मिनेसोटाच्या नोंदींतील सर्वांत उबदार डिसेंबर होता, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटून शंभराहून अधिक मासेमार पाण्यापलीकडे अडकले. त्यांना बाहेर काढावे लागले. त्यामुळे केवळ पायाखालच्या बर्फाचा विचार केला, तर उणे २९ चा दिवस उणे ८ च्या दिवसापेक्षा वाईट ठरत नाही, उलट थोडा उजवाच ठरतो.

अर्थात येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. बर्फावर साचलेला भुसभुशीत हिम पांघरुणासारखा काम करतो आणि त्याखालची जाडी अपेक्षेपेक्षा कमी राहते. शिवाय ओढ्यांची मुखे, पाण्याखालचे झरे, पुलांखालची अरुंद जागा आणि दाबाने बर्फ उचलला जाऊन तयार झालेले उंचवटे येथे कितीही थंडी असली तरी भरवसा नसतो. म्हणून पुढे जाताना पहारीने ठोकून पाहणे आणि अधूनमधून भोक पाडून जाडी मोजणे उणे २९ मध्येही चुकत नाही. रात्री पारा उतरताना तळे गडगडते आणि भेगा पडल्याचे आवाज लांबवर धावत जातात. प्रथम ऐकणाऱ्याचा जीव घाबरा होतो, परंतु तापमान बदलताना जाड बर्फही आकुंचन-प्रसरणामुळे असा बोलतो, आणि केवळ त्या आवाजावरून परत फिरण्याचे कारण नसते.

खरा फरक पडतो तो माणसाच्या बाबतीत, आणि तेथे तापमापकाइतकाच वारा महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या कोष्टकानुसार उणे २९ अंश तापमान आणि ताशी २४ किलोमीटर वारा एकत्र आले, तर उघड्या त्वचेला जाणवणारा गारठा उणे ४३ च्या जवळ जातो आणि सुमारे दहा मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. उणे १८ आणि तेवढाच वारा असेल, तर हा अवधी सुमारे अर्धा तास होतो. उणे ८ अंशांना त्याच वाऱ्यात जाणवणारा गारठा उणे १६ च्या आसपास राहतो, म्हणजे नीट कपडे घातलेल्या निरोगी माणसाला दिवसभर बसता येते. गोठलेले तळे हे मैलोन्‌मैल आडोसा नसलेले मैदान असते, आणि सुमारे ५३६ चौरस किलोमीटरच्या मिल लॅक्स तळ्यावर तर शहरातल्या अंदाजापेक्षा वारा अधिकच धरावा. म्हणून पूर्वानुमान पाहताना आधी वाऱ्याचा आकडा पाहावा असे माझे मत आहे: निवांत उणे २९ एक वेळ सोसवेल, वाऱ्यासकट उणे २० सोसवणार नाही.

तंबूचा पर्याय ज्यांना मोहात पाडतो, त्यांचा युक्तिवाद साधारण असा असतो की अस्तर लावलेला तंबू आणि प्रोपेनचा हीटर असला की आत ऊब राहते, मग बाहेरच्या आकड्याची चिंता कशाला. आत ऊब राहते हे खरे आहे. पण तंबूतल्या मासेमारीत धोक्याचा काळ आत बसण्याचा नसतो; तो तंबू उभारण्याचा आणि आवरण्याचा असतो. सामानाची घसरगाडी ओढत चालल्याने अंगाला घाम येतो, मग वाऱ्यात फडफडणारे कापड धरून बर्फात खिळे फिरवावे लागतात, दोऱ्या बांधण्यासाठी हातमोजे काढावे लागतात, आणि भोके पाडताना उडालेले पाणी बाह्यांवर गोठते. परतताना हेच सारे उलट क्रमाने आणि दमलेल्या अवस्थेत करायचे असते, तेही बहुधा अंधार पडू लागल्यावर. मासे लागत नाहीत म्हणून जागा बदलायची ठरली, तर ही कसरत पुन्हा करावी लागते, आणि मोकळेपणाने जागा बदलता येणे हाच तर तंबूचा मुख्य फायदा. उणे २९ मध्ये तो जवळजवळ संपतो.

हीटरविषयी थोडे विस्ताराने सांगावे लागेल. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे उणे २९ मध्ये टाकीतला दाब बराच उतरलेला असतो. लहान नळकांडी ज्योत धरता धरता थकतात आणि मोठी टाकी अधिक भरवशाची ठरते. त्याहून गंभीर प्रश्न कार्बन मोनॉक्साइडचा आहे. बाहेर जितकी अधिक थंडी, तितका माणूस तंबूच्या हवा खेळण्याच्या खिडक्या बंद करू लागतो, आणि या वायूला ना रंग ना वास. हा वायू ओळखून इशारा देणारा, बॅटरीवर चालणारा लहानसा वायुशोधक सोबत हवाच, आणि वरची व खालची एकेक खिडकी उघडी हवी, मग ऊब थोडी कमी झाली तरी चालेल. प्राणवायू कमी झाल्यावर आपोआप बंद होणारे हीटर मिळतात, परंतु त्यावर विसंबून खिडक्या लावून घेणे शहाणपणाचे नाही.

याच्या शेजारी भाड्याची खोली ठेवून पाहावी. मिल लॅक्सच्या काठावरचे आणि कॅनडाच्या सीमेवरील लेक ऑफ द वूड्सवरचे रिसॉर्टवाले बर्फावर लाकडी किंवा धातूच्या खोल्या नेऊन ठेवतात. काही फक्त दिवसा बसण्यापुरत्या असतात, तर काहींत झोपण्याच्या फळ्या, शेगडी आणि भिंतीवरचा हीटर असतो. तेथे जाण्यासाठी बर्फावर हिम बाजूला सारून केलेला रस्ता असतो किंवा पट्ट्यांवर चालणाऱ्या बंद गाडीतून ते नेऊन सोडतात. भोके तयार असतात आणि बर्फाच्या जाडीवर रोजच्या रोज नजर ठेवणारा माणूस असतो. म्हणजे वर सांगितलेली उभारण्या-आवरण्याची धोक्याची कामे यातून पूर्णपणे वजा होतात, आणि काही बिघडले तर हाकेच्या अंतरावर मदत असते. उणिवाही आहेत: खर्च तंबूपेक्षा बराच अधिक, मासे दुसरीकडे सरकले तरी खोली सरकत नाही, आणि मोकळ्या आभाळाखाली बसण्यासाठी जे येतात त्यांना चार भिंतींत भोकाकडे पाहत बसणे फिके वाटते. रात्र काढायची असेल तर खोलीतला वायुशोधक चालू आहे का, हे पोहोचल्याबरोबर तपासावे. ते रिसॉर्टवाल्यावर सोडू नये.

मासे लागतात का, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात, पण निर्णयात त्याचे वजन मला कमी वाटते. बर्फालगतचे पाणी शून्याजवळ आणि तळाचे सुमारे ४ अंशांवर असते, कारण पाणी त्या तापमानाला सर्वांत जड असते. वर उणे ८ असो की उणे २९, खालच्या वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. हवेचा दाब वाढून आभाळ निरभ्र झाले की मासे सुस्तावतात असे जुने मासेमार सांगतात, आणि ध्रुवीय हवेबरोबर नेमके तेच आभाळ येते. वॉलआयसाठी सूर्यास्ताच्या आसपासचा काळ चांगला मानतात. तंबूवाल्याला अंधार पडण्याआधी आवरायचे असते आणि खोलीतल्या माणसाला नसते, एवढा फरक मात्र येथे पडतो. पापलेट-सुरमईवर वाढलेल्या जिभेला वॉलआयचे पांढरे, कमी काट्यांचे मांस रव्यात घोळून तळलेले सहज रुचते. नॉर्दर्न पाइकच्या वाय आकाराच्या काट्यांसाठी मात्र सवय आणि संयम लागतो.

जे मासे परत सोडायचे असतात, त्यांच्यासाठी कडक थंडी अधिक क्रूर असते. उघड्यावर वर काढलेल्या माशाचे डोळे आणि कल्ले उणे २९ मध्ये पाहता पाहता गोठू लागतात, त्यामुळे फोटोसाठी तो हातात धरून उभे राहणे त्या दिवशी टाळावे आणि गळ पाण्यातच सोडवावा. तापवलेल्या आडोशात ही अडचण बरीच कमी होते. साहित्याचीही तीच गत आहे: उघड्यावर गळकाठीच्या कड्यांत बर्फ धरतो, विणलेला दोर कडक होतो, गिरमिटाची आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राची बॅटरी निम्म्यावरच मान टाकते, आणि फोन अंगालगतच्या खिशात नसेल तर ऐन वेळी बंद पडतो.

मोटारीचा मुद्दा तंबू आणि खोली या दोन्हींना सारखाच लागू आहे. शिशाच्या बॅटरीची ताकद उणे १८ लाच निम्म्याच्या आसपास येते. रात्रभर तळ्याकाठी उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होईल असे गृहीत धरू नये. इंजिन तापवणारा हीटर विजेला जोडण्याची सोय रिसॉर्टवर आहे का ते विचारावे, टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नये, आणि ब्लँकेटे, टॉर्च व कोरडे मोजे गाडीतच ठेवावेत. जानेवारी २०१९ च्या अखेरीस मिनिआपोलिसमध्ये पारा उणे ३३ पर्यंत उतरला तेव्हा टपाल खात्यानेही मिनेसोटातला बटवडा थांबवला होता. अशा दिवशी रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपर्यंत मदत पोहोचायला किती वेळ लागेल, याचा अंदाज प्रत्येकाने स्वतः करावा.

सोबत कोण आहे, यावर माझा कल ठरतो. भारतातून भेटीला आलेले आई-वडील, लहान मुले, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली व्यक्ती किंवा बोटांतले रक्ताभिसरण मंद असलेली व्यक्ती बरोबर असेल, तर उणे २९ मध्ये तंबूचा विचारच करू नये. त्यांना हौस असेलच, तर खोली घ्यावी किंवा बेत पुढे ढकलावा, आणि त्यांतही पुढे ढकलणे मला अधिक पटते. ज्याला बधिरपणा जाणवतच नाही, त्याला हिमदंश कळतो तो बोट पांढरे पडल्यावर. तेव्हा ते चोळायचे नसते, कोमट पाण्यात धरून गरम करायचे असते, आणि बोलणे अडखळू लागले किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या तर लगेच निघायचे असते. दोन अनुभवी, धडधाकट माणसे, वारा पडलेला, तंबू किनाऱ्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर आणि परतीची वेळ घरी सांगितलेली, एवढे जुळत असेल तर तंबू घेऊन जाणाऱ्याला मी अडवणार नाही.

पुढे ढकलण्यात काय गमावतो, हे दिनदर्शिका पाहून ठरवावे. मिनेसोटातल्या बहुतेक अंतर्गत तळ्यांवर वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीस बंद होतो, त्यामुळे जानेवारीतला बेत हलवला तर काहीच जात नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात थंडीची लाट आली, तर मात्र त्या तळ्यावर बर्फावरून वॉलआय धरण्याची संधी पुढच्या हिवाळ्यापर्यंत हुकते. पर्च आणि क्रॅपी हे मासे त्यानंतरही धरता येतात, आणि लेक ऑफ द वूड्सवर वॉलआय १४ एप्रिलपर्यंत चालतो. मार्चमध्ये ठरलेल्या तारखेआधी खोल्या बर्फावरून हलवाव्या लागतात, म्हणून खोलीचा पर्याय हवा असणाऱ्याने फेब्रुवारीतली पर्यायी तारीख आरक्षणाच्या वेळीच विचारून ठेवावी, आणि थंडीमुळे बेत रद्द केल्यास आगाऊ रक्कम पुढच्या तारखेकडे वळवता येते का, तेही त्याच फोनवर स्पष्ट करून घ्यावे.