सांगली-मिरज: घरात गाडी नसेल तर रेल्वे बरी की सिटी बस?

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची 1998 साली एक महापालिका झाली, पण दवाखाना मिरजेत आणि कामधंदा सांगलीत, अशी विभागणी अनेक घरांत आजही आहे. मधले दहाएक किलोमीटर गाडीशिवाय कसे गाठायचे?

रेल्वेला चौकातली कोंडी नाही, खड्डे नाहीत. वाटेत विश्रामबागलाही स्टेशन आहे. पण या मार्गावरच्या गाड्या मुळात लांबच्या प्रवाशांसाठी आहेत. एक चुकली की पुढचीची वाट बघण्यात निम्मी सकाळ जाते.

सिटी बस हळू चालते, संध्याकाळी तर पाय ठेवायला जागा नसते. तरीही माझं मत बसलाच. मिरजेला निघालेल्या आजी बघा: एका हातात एक्स-रेची पिशवी, दुसऱ्या हातानं घट्ट धरलेली दांडी. बस त्यांना मिशन हॉस्पिटलजवळ सोडते. स्टेशनवर उतरलं की पुन्हा रिक्षा आलीच, आणि रिक्षाचं भाडं त्यांना रोज परवडत नाही.

रूळ मात्र तयार आहेत. त्यांवर दर अर्ध्या तासाला दोन-तीन डब्यांची गाडी सुटली आणि स्टेशनबाहेर तिच्या वेळेला बस उभी राहिली, तर मी रेल्वेच निवडेन.