अँड्रॉइड स्टुडिओतला ‘हेल्प मी चूज’ तक्ता: सुरुवातीला ठीक, निर्णयाला अपुरा

अँड्रॉइड स्टुडिओत, म्हणजे अँड्रॉइड ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नवा प्रोजेक्ट सुरू केला की ‘मिनिमम एसडीके’, म्हणजे ॲप चालायला लागणारी किमान अँड्रॉइड आवृत्ती, विचारतात. त्याखालच्या ‘हेल्प मी चूज’वर क्लिक केलं की कुठल्या आवृत्तीपासून पुढे किती टक्के फोन येतात याचा तक्ता उघडतो. एखादी आवृत्ती निवडली की तिच्यात नवीन काय आलं तेही बाजूला दिसतं. फुकट आणि झटपट. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांसाठी, मच्छीमार सोसायट्यांसाठी किंवा होमस्टेंसाठी ॲप बनवणाऱ्याने एवढ्यावर निर्णय घेऊ नये.

आकडे जगभरचे असतात, आणि सारखे ताजेही होत नाहीत. तारीख आधी वाचावी. मोठी खोट वेगळी आहे. तक्ता फोन मोजतो, पण तो कोणाच्या हातात आहे हे त्याला कळत नाही. तारकर्लीत खोली बुक करणारा पुण्या-मुंबईचा पाहुणा बहुधा नवा फोन वापरतो. बुकिंग स्वीकारणाऱ्या काकूंकडे मात्र मुलाने गणपतीला येताना आणलेला त्याचा जुना हँडसेट असतो. अशा वेळी पाहुण्यांचं ॲप अँड्रॉइड १० पासून आणि मालकांचं ७ पासून, अशी दोन ॲप ठेवलेली बरी.

७ च का, याचं उत्तर तक्त्यात नाही, सर्टिफिकेटात, म्हणजे सर्व्हर खरा असल्याच्या दाखल्यात, आहे. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट वापरणारे सर्व्हर पुष्कळ. ज्याच्यावर फोन विश्वास ठेवतो ते त्यांचं मूळ सर्टिफिकेट, आयएसआरजी रूट एक्स१, अँड्रॉइड ७.१.१ पासूनच फोनमध्ये आहे. जुन्या फोनसाठीची जोडसही, म्हणजे दुसऱ्या जुन्या मूळ सर्टिफिकेटचा दुजोरा, ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. त्यामुळे ७.० किंवा त्याखालच्या फोनवर ॲप उघडतं, पण लॉगिन होत नाही. डोंगराआडच्या गावात याचा अर्थ लगेच ‘रेंज नाही’ असा लावला जातो आणि चूक महिनोन्महिने सापडत नाही. त्याच फोनवर व्हिडिओ चालत असेल तर दोष रेंजचा नाही. फोनची तारीखही तपासावी. बॅटरी पूर्ण उतरून ती मागे गेली तरी हीच एरर येते. ७.० वर उपाय सोपा: मूळ सर्टिफिकेट ॲपमध्येच टाकून नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग फाइलमध्ये (ॲपने कोणती सर्टिफिकेटं मानायची ते सांगणाऱ्या) त्याचा उल्लेख करायचा. ही फाइल एपीआय २४ पासूनच (अँड्रॉइड आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक; २४ म्हणजे ७.०) वाचली जाते. त्याखाली सर्टिफिकेट तपासणारा कोड, म्हणजे ट्रस्ट मॅनेजर, स्वतः लिहावा लागतो, आणि छोट्या टीमने त्या भानगडीत पडू नये.

तारखा-वेळांच्या जावा टाइम लायब्ररीला एपीआय २६ (अँड्रॉइड ८) लागतं, पण डीशुगरिंग (नव्या सोयी जुन्या फोनवर चालतील असा कोड बनवणारी सेटिंग) चालू केलं की तेवढ्यासाठी किमान आवृत्ती वाढवावी लागत नाही. असे घोटाळे स्टुडिओतला कोड-तपासनीस, लिंट, पकडतो. वेबव्ह्यूतल्या, म्हणजे ॲपच्या आत उघडणाऱ्या वेब पानांतल्या, चुका तो पकडत नाही. ही पानं क्रोमच्या इंजिनावर चालतात, आणि अँड्रॉइड ७ वर क्रोम ११९ ला थांबलं, ८ आणि ९ वर १३८ ला. पैसे भरण्याचं पान वेबव्ह्यूत असेल तर खऱ्या जुन्या, २ जीबी रॅमच्या फोनवर चालवून बघा. एम्युलेटरवर त्याचा मंदपणा कळत नाही.

खरे आकडे प्ले कन्सोलच्या (प्ले स्टोअरवर ॲप टाकणाऱ्यांचं गुगलचं पान) ‘रीच अँड डिव्हायसेस’मध्ये मिळतात. ते तुमच्याच वापरकर्त्यांचे, देशवार असतात, जिल्हा नाही. म्हणून प्रत्येक लॉगिनबरोबर एपीआय क्रमांक सर्व्हरवर नोंदवा आणि हंगामाअखेर फोनऐवजी पावत्या मोजा. कॅनिंगच्या आंब्याच्या काट्यावरचा एकच जुना फोन शेकडो पावत्या करत असेल, तर टक्केवारीत तो नगण्यच दिसेल.

टार्गेट एसडीकेशी, म्हणजे ॲप ज्या नव्या आवृत्तीसाठी बनवलं तिच्याशी, किमान आवृत्तीची गल्लत नको. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना आणि अपडेटना एपीआय ३५ टार्गेट करणं प्लेने सक्तीचं केलं. त्याने जुने फोन बाद होत नाहीत.

तक्त्याला पाचपैकी अडीच, प्ले कन्सोलला चार.

किमान आवृत्ती वाढवायचीच असेल तर आंब्याच्या ॲपची पावसाळ्यात, मासेमारीच्या ॲपची १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत वाढवा. बसवलेलं जुनं ॲप फोनवर चालतच राहतं, म्हणून सर्व्हरवरची, त्या जुन्या ॲपशी बोलणारी जुनी सोय निदान पुढचा हंगाम संपेपर्यंत बंद करू नका.