आठ महिने, दोन सर्च इंजिने: खानापूरहून लिहिलेला अनुभव

गेल्या जूनपासून मी दोन सर्च इंजिने एकाच मोबाइलवर शेजारी शेजारी वापरत आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमची भातशेती आहे. घरात मराठी आणि कचेरीत कन्नड अशी आमची रीत असल्यामुळे, आपण लिहिलेला शब्द कोणते इंजिन नीट ओळखते हे मला स्वतः पडताळून पाहायचे होते.

ऑगस्टमध्ये भाताच्या पानांवर मध्यभागी राखाडी आणि टोकांना निमुळते ठिपके दिसू लागले, तेव्हा करपा या बुरशीच्या रोगाची माहिती शोधायला मी ‘भात करपा’ एवढेच लिहिले. एका इंजिनाने करपलेल्या भाताचा वास घालवण्याचे उपाय वर आणले, तर दुसऱ्याने कांद्यावरील करप्याची माहिती दिली. आपण विचारल्यानंतर इंजिन सारे इंटरनेट धुंडाळत नाही. आधीच गोळा केलेल्या वेबपानांची शब्दवार सूची त्याच्याकडे तयार असते आणि जो शब्द कमी पानांत आढळतो त्याला ते अधिक वजन देते. ही वजनाची कल्पना संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. ‘भात’ सर्वत्र आढळतो, ‘करपा’ मोजक्या पानांत, म्हणून कांदा पुढे सरकला असावा, असे मला वाटते. ‘भात पीक करपा रोग बुरशी’ असे लिहिताच दोन्हीकडे हवी ती माहिती वर आली.

गावाच्या नावाचा प्रश्न मात्र इतका सहज सुटला नाही. खानापूर तालुका सांगली जिल्ह्यातही आहे, आणि नुसते ‘खानापूर’ लिहिले की बहुतेक वेळा तिकडचीच पाने आधी येत. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा (लिंक) हे मत मानले जाते, आणि ज्या पानाला स्वतःला मते जास्त, त्याच्या मताला किंमतही जास्त. आज क्रम लावताना याखेरीज इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात. तरीही सीमाभागातील मराठी पानांना दुवे देणारे थोडेच असल्याने ती मागे राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मोबाइलला ठिकाण पाहण्याची परवानगी दिल्यावर आमचे खानापूर वर आले, पण त्यासोबत कन्नड पानेही वाढली. बेळगावचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी झाले असल्याने मी दोन्ही रूपे लिहून पाहतो.

सर्वांत उशिरा उमगलेली अडचण ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दाची होती. त्यातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना अक्षर एकच दिसते, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात. पहिले इंजिन दोन्हींना एकच मानते, दुसरे मानत नाही. एवढ्या एका कारणासाठी शेतीचे शोध मी आता पहिल्यावरच करतो, आणि दुसऱ्यावर ‘शेतकरी’ असे मूळ रूपच लिहितो.