वैमानिक आणि फ्लाइट इन्स्ट्रक्टर प्रशिक्षणाचा पैसा: शिष्यवृत्ती, कर्ज की बाँड? पुण्यातून निर्णय घेणाऱ्यांसाठी

भारतात सीपीएलचा, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याचा, खर्च आज साधारण ४५ लाखांपासून सुरू होतो. मल्टी-इंजिन रेटिंग, राहणं-जेवण आणि परीक्षांच्या फेऱ्या धरल्या की तो आणखी वर सरकतो. एअरलाइनसाठी लागणारं टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, यात धरलेलं नाही. त्यामुळे घरात पहिला प्रश्न येतो तो ‘शिष्यवृत्ती किती मिळेल?’ असा. आमच्या मते त्याआधी विचारायला हवं की पैसा कधी येणार आणि कोणाच्या खात्यात येणार.

याचं कारण फ्लाइंग स्कूलच्या हिशोबात आहे. तिथे पैसे आधी जमा करावे लागतात आणि प्रत्येक उड्डाणाचे तास त्यातून वजा होतात. शिल्लक संपत आली की तुमचं नाव रोजच्या उड्डाणाच्या यादीतून खाली जातं. दोन महिने विमानाला हात लागला नाही तर सोलो म्हणजे एकट्याने करायचं उड्डाण पुन्हा देण्याआधी इन्स्ट्रक्टर सोबत बसून तपासणी उड्डाणं करून घेतो, आणि ते तासही तुमच्याच खात्यातून जातात. म्हणजे मंजूर झालेली शिष्यवृत्ती उशिरा आली तरी खर्च वाढतो. चार लाखांची वेळेवर येणारी मदत दहा लाखांच्या उशिरा येणाऱ्या मदतीपेक्षा कामाची ठरते, ती यामुळे.

अर्जांच्याही आधी मेडिकल

कुठलाही अर्ज भरण्याआधी क्लास २ आणि त्यानंतर क्लास १ मेडिकल करून घ्या. क्लास २ डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरांकडे होतं. त्यावरून फाइल नंबर मिळतो आणि मग हवाई दलाच्या किंवा मान्यताप्राप्त केंद्रात क्लास १ होतं. रंगदृष्टी, चष्म्याचा नंबर, ईसीजी, ऐकण्याची चाचणी यांत कुठेही अडलं तर ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा मिळून काही महिने जाऊ शकतात. कर्जाचा पहिला हप्ता उचलल्यावर हा शेरा आला तर व्याज चालू राहतं आणि विमान मात्र बंद असतं. मेडिकलचे काही हजार आधी खर्च झाले तरी चालतील, हा क्रम मोडू नका.

बारावीला फिजिक्स-मॅथ्स नसेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून या दोन विषयांत उत्तीर्ण व्हावं लागतं, आणि त्याचं वेळापत्रक शिष्यवृत्तीच्या मुदतीशी जुळवावं लागतं.

सरकारी योजना: रक्कम मोठी, वाट लांब

केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सीपीएल हा गट १ मधला अभ्यासक्रम धरला गेला आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे आणि वसतिगृहात राहणाऱ्याला या गटात वर्षाला १३,५०० रुपये निर्वाह भत्ता मिळतो. भत्त्याचा आकडा पाहून हुरळू नका, खरी बाब शुल्काची आहे. पूर्वीच्या केंद्रीय नियमावलीत सक्तीच्या २०० तासांसाठी ताशी ५,००० रुपये धरलेले होते, म्हणजे दहा लाख. तेव्हाही ते पुरेसे नव्हते आणि आजच्या दराच्या चौथ्या हिश्शालाही ते जेमतेम भिडतील. त्यामुळे अर्ज करताना सध्याच्या नियमावलीत नेमकं काय दिलं जातं ते समाजकल्याण कार्यालयातून लेखी घ्या. राज्याचं समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, ही पुणेकरांची सोय आहे.

मोठी अडचण महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलची आहे. पोर्टलवर संस्था आणि अभ्यासक्रम निवडावा लागतो. तुमची फ्लाइंग स्कूल त्या यादीत नसेल तर पात्र असूनही अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून प्रवेश शुल्क भरण्याआधी शाळेला विचारा: ‘तुमचं नाव महाडीबीटीवर आहे का? मागच्या वर्षी किती मुलांची शिष्यवृत्ती जमा झाली?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर या पैशावर नियोजन उभं करू नका.

इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या उमेदवारांसाठी नागपूरच्या महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जागा मोजक्या असतात आणि जाहिरात निघते तेव्हाच अर्ज घेतले जातात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीपेक्षा ही वाट वेगळी आहे, कारण इथे प्रशिक्षणाची सोयच संस्था लावते आणि शाळा निवडायचा प्रश्न उरत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की त्या एका क्लबचं उड्डाण थांबलं तर तुमचंही थांबतं. निवड झाल्यावर विमानं किती चालू आहेत आणि आधीची तुकडी कुठवर पोहोचली, एवढं जाऊन पाहून या. मराठा समाजासाठीची सारथी, तसंच अनुसूचित जातींसाठीची बार्टी आणि आदिवासींसाठीची टीआरटीआय या तिन्ही संस्थांची कार्यालयं पुण्यात आहेत. त्यांच्या योजना वर्षागणिक बदलतात, म्हणून जुन्या व्हॉट्सअॅप मेसेजवर विसंबू नका, संस्थेच्या संकेतस्थळावरची चालू जाहिरात वाचा.

जात पडताळणी प्रमाणपत्र अजून नसेल तर आज अर्ज करा. या सगळ्या वाटेवर सर्वाधिक वेळ तेच खातं. ओबीसींना नॉन-क्रीमीलेअर लागतं आणि मदत थेट खात्यात यायची तर आधार त्या बँक खात्याशी जोडलेलं असावं लागतं. मंजूर रक्कम इथेच अडकून परत जाते.

जे. एन. टाटा एन्डाउमेंट किंवा के. सी. महिंद्र यांच्याकडे धाव घेणारे पालक बरेच असतात. त्या शिष्यवृत्त्या परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. बारावीनंतरच्या सीपीएलला त्या लागू होत नाहीत.

बँकेचं कर्ज: सगळ्यात भरवशाचं, सगळ्यात महाग

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत डीजीसीएमान्य वैमानिक प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, त्यामुळे ‘पायलटला कर्ज मिळत नाही’ हे खरं नाही. साडेसात लाखांच्या वर मात्र तारण लागतं आणि पुण्यात गाडी तिथेच अडते. गुंठेवारीतलं घर, भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत, वारसांची नोंद न झालेली वडिलोपार्जित जागा, यांवर बँकेचा वकील शेरा मारतो. गावाकडची शेतजमीन दाखवून उपयोग होत नाही, कारण थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमिनीवर कारवाई करता येत नाही. प्रवेशाच्या सहा महिने आधी घराची कागदपत्रं बँकेकडून तपासून घ्या.

आता आकडे. समजा ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, १८ महिन्यांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष सवलतीचा काळ. सगळी रक्कम पहिल्या दिवशी उचलली तर ३० महिन्यांत सरळ व्याजाने ११ लाख चढतात. ५१ लाखांवर दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ७०,००० रुपये बसतो. तेच ४० लाख दहा-दहा लाखांच्या चार टप्प्यांत, दर पाच महिन्यांनी उचलले तर व्याज सव्वाआठ लाखांवर येतं. पावणेतीन लाख फक्त टप्पे पाडल्यामुळे वाचतात. त्यामुळे ‘एकरकमी भरा, सूट देतो’ असं सांगणाऱ्या शाळेची सूट या आकड्याशी ताडून पाहा. शिवाय एकरकमी भरलेला पैसा शाळा बंद पडली किंवा विमानं जमिनीवर बसली तर परत मिळवणं फार कठीण जातं.

शिष्यवृत्ती आणि कर्ज एकमेकांना पूरक कसे ठरतात, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. चार लाखांवरच्या कर्जात देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के आणि परदेशासाठी १५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. त्यात शिष्यवृत्तीची रक्कम धरता येते. अमेरिकेत ६० लाखांचा खर्च असेल तर स्वतःचे ९ लाख लागतात. तिथे मिळालेली पाच लाखांची छोटी शिष्यवृत्तीही निम्म्याहून जास्त भार उचलते. मंजुरीपत्र कर्जाच्या अर्जासोबत लावा, नंतर दाखवून बँक ते आपोआप धरत नाही.

कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षं वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीत. परदेशी शाळेला पैसे शैक्षणिक कर्जातून गेले तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, कापला जात नाही. बचतीतून पाठवताना ठरावीक मर्यादेपलीकडे तो कापला जातो.

शाळांची दरपत्रकं शेजारी ठेवताना एक ओळ आवर्जून बघा. डीजीसीएमान्य शाळेत डीजीसीएमान्य कोर्सवर जीएसटी नाही, हे ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट झालं आहे. तरीही १८ टक्के लावलेलं दरपत्रक आलं तर कशावर लावलं ते विचारा.

उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीचं शुल्क ४५ लाखांच्या घरात आहे. प्रवेश परीक्षेतून होतो, शुल्क हप्त्यांत घेतात. पुण्याजवळ शिकायचं तर बारामतीला धावपट्टी आहे, घर शंभर किलोमीटरवर राहतं. पण पावसाळ्यात उड्डाणं रखडतात आणि वर्षभराचा म्हणून सांगितलेला कोर्स दीड-दोन वर्षांवर जातो. त्या वाढीव महिन्यांच्या खोलीभाड्याला कोणतीच शिष्यवृत्ती पुरत नाही. अंदाजपत्रकात सहा महिने जास्तीचे धरा.

परदेशी शिष्यवृत्त्या: पुण्यातून खरंच कुठल्या मिळू शकतात?

इंटरनेटवर याद्या लांबलचक असतात, पण त्यातल्या बऱ्याच आपल्यासाठी नसतात. ईएए या अमेरिकी हौशी वैमानिक संघटनेची रे शिष्यवृत्ती १६ ते १९ वयाच्या मुलांना तिथल्या स्थानिक शाखेच्या शिफारशीवर मिळते. पुण्यात बसून त्यावर वेळ घालवू नका.

मुलींसाठी चित्र बरं आहे. विमेन इन एव्हिएशन इंटरनॅशनल आणि १९२९ साली स्थापन झालेली नाइन्टी-नाइन्स या दोन्ही संस्था सदस्य महिलांना दरवर्षी शिष्यवृत्त्या देतात आणि दोन्हींचं काम भारतातही आहे. नाइन्टी-नाइन्सची अमेलिया इअरहार्ट शिष्यवृत्ती पुढच्या रेटिंगसाठी असते, त्यात इन्स्ट्रक्टर रेटिंगही येतं. नवशिक्या सदस्यांसाठी फर्स्ट विंग्ज वेगळी आहे. दोन्हीकडे आधी सदस्यत्व घ्यावं लागतं, त्यामुळे मुदतीच्या आठवड्यात जागं होऊन चालत नाही. सरकारी योजनेशी तुलना केली तर रक्कम लहान आहे, पण जात-उत्पन्नाची अट नाही आणि निवड तुमच्या अर्जाच्या दर्जावर होते.

हा अर्ज बहुतेकदा निबंधात पडतो. ‘लहानपणापासून आकाशाकडे पाहायचे’ ही सुरुवात परीक्षकांनी शेकड्याने वाचलेली असते. त्याऐवजी हिशोब लिहा: आजवर किती तास झाले, कोणते पेपर ७० टक्क्यांच्या वर सुटले, किती रक्कम कमी पडते, ती मिळाली तर कोणत्या महिन्यात कोणती परीक्षा देणार. शिफारसपत्र कॉलेजच्या प्राचार्यांपेक्षा तुमच्यासोबत उडालेल्या इन्स्ट्रक्टरचं घ्या आणि त्यांना किमान तीन आठवडे द्या. दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि आधार यांवरचं नाव अक्षर न अक्षर एक हवं. वडिलांचं नाव एका ठिकाणी आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, ही आपल्याकडची नेहमीची चूक डीजीसीएच्या कॉम्प्युटर नंबरलाही (लेखी परीक्षांसाठीच्या नोंदणी क्रमांकाला) नडते. बोर्डाचं पडताळणीपत्र लागतं, त्यासाठी शिवाजीनगरच्या बोर्डात वेळेवर अर्ज टाका.

इन्स्ट्रक्टर व्हायचं असेल तर

इथे देशी शिष्यवृत्ती जवळजवळ नाही. सरकारी योजना सीपीएलवर थांबतात. मग दोन वाटा उरतात.

पहिली भारतातली. सीपीएलनंतर असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग घ्यायचं, त्यात शिकवत-शिकवत उडवण्याचं म्हणजे पॅटरचं प्रशिक्षण असतं, आणि मग वरिष्ठ इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवायचं. काही शाळा हा खर्च स्वतः उचलतात आणि बदल्यात बाँड, म्हणजे ठरावीक काळ तिथेच शिकवण्याचा करार, घेतात. पैसा लगेच उपलब्ध होतो, व्याज नाही आणि तास जमतात, म्हणून नोकरीची वाट पाहणाऱ्या २०० तासांच्या वैमानिकाला आम्ही हीच वाट आधी सुचवू. सही करण्याआधी चार गोष्टी लेखी हव्यात: बाँड महिन्यांचा की तासांचा, महिन्याला किमान किती तास मिळणार, मध्येच सोडल्यास रक्कम दर महिन्याला कमी होत जाते की पूर्णच भरावी लागते, आणि शाळेचं उड्डाण बंद राहिलं तर तो काळ बाँडमध्ये धरणार का. मूळ लायसन्स किंवा कोरे धनादेश ठेवून घेणाऱ्या शाळेत सही करू नका.

दुसरी वाट अमेरिकेची. एफएए या तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या नियमांत सीपीएलसाठी पार्ट ६१ खाली (लवचीक प्रशिक्षण) २५० तास आणि पार्ट १४१ खाली (मान्यताप्राप्त शाळेचा ठरलेला अभ्यासक्रम) १९० तास लागतात. त्यानंतर सीएफआय म्हणजे तिथलं इन्स्ट्रक्टर प्रमाणपत्र करता येतं. नाइन्टी-नाइन्ससारख्या शिष्यवृत्त्या याच टप्प्याला उपयोगी पडतात. पण सगळं व्हिसावर ठरतं. एम-१ या व्यवसाय शिक्षणाच्या व्हिसावर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, जास्तीत जास्त सहा महिने प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण मिळतं. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा देणाऱ्या शाळेतून बारा महिन्यांची ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी संबंधित कामाची परवानगी, मिळू शकते. एम-१ वाली शाळा स्वस्त दिसली आणि ‘शिकवून खर्च काढू’ असं गणित मांडलं असेल, तर ते गणित तिथेच चुकतं. परत आल्यावर भारतीय लायसन्ससाठी एअर रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्रित पेपर द्यावा लागतो, आणि इथे शिकवायचं तर भारतीय इन्स्ट्रक्टर रेटिंगचा खर्च वेगळा. तो आजच अंदाजपत्रकात लिहून ठेवा.

उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि जात पडताळणी हातात असेल तर शासकीय योजनेचा निकाल लागेपर्यंत मेडिकल आणि डीजीसीएचे लेखी पेपर उरकून घ्या. त्यांना विमान लागत नाही आणि खर्च तुलनेने किरकोळ आहे. तारणाला घर असेल तर टप्प्यांचं कर्ज, आणि मुलगी असेल तर त्याला जोडून सदस्यत्वाच्या शिष्यवृत्त्या. तारणही नाही आणि प्रवर्गही बसत नाही, अशा घराने पहिला हप्ता भरण्याची घाई करू नये. आधी लेखी पेपर उरका, ते नोकरी आणि कमाई सांभाळून होतात. १५ तास उडून पैसे संपलेला विद्यार्थी दोन वर्षांनी परत येतो तेव्हा त्यातले बरेच तास त्याला पुन्हा विकत घ्यावे लागतात.