गीता भवनजवळची रक्ततपासणी लॅब: घाईच्या वेळी खरंच कामी आली

पाचपैकी चार स्टार. धाकट्या दिराच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर निळेकाळे डाग, दुसऱ्या एका लॅबने डेंगू असेल म्हणून नुसत्या प्लेटलेट मोजायला लावल्या, शेवटी रामबागेतल्या आमच्या डॉक्टरांनी स्लाइड बघायला इथे पाठवलं. दुपारी सॅम्पल दिलं आणि संध्याकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडमचाच फोन, की एपीएल हा ब्लड कॅन्सर वाटतोय, आजच अ‍ॅडमिट करा, जीनच्या रिपोर्टसाठी थांबू नका, एट्रा नावाचं औषध लगेच सुरू करायचंय, हेमॅटॉलॉजिस्टशी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांशी, मी बोललेय. ब्लड कॅन्सरच्या या प्रकारात सुरुवातीच्या दिवसांतच रक्तस्रावाने माणूस जाऊ शकतो, म्हणून या फोनचे तीन स्टार तर तिथेच झाले.

नंतर सासऱ्यांना घेऊन गेले तर "या काका, बसा" म्हणत मॅडमनी त्यांना मायक्रोस्कोपवर स्लाइड दाखवली, मोठमोठ्या जांभळ्या पेशी आणि एकीच्या आत बारीक सुयांची जुडी पडलेली, ती दिसली की एपीएलचा संशय पक्काच म्हणाल्या. मग कागदावर काढून समजावलं. बोन मॅरोतल्या एकाच मूळ पेशीपासून सगळं रक्त तयार होतं, आणि कुठली पेशी काय होणार ते ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रोटीन्स ठरवतात, ती डीएनएवर बसून जीन चालू-बंद करतात. गाटा-१ असेल तर लाल पेशी आणि प्लेटलेटकडे, पीयू-१ आणि सीईबीपी-अल्फा पांढऱ्या पेशींकडे. यातलंच एक रारा. दिराच्या पेशींत १५ आणि १७ नंबरच्या क्रोमोझोमचे तुकडे अदलाबदल होऊन रारा दुसऱ्या पीएमएल जीनला चिकटलं, आणि हे जोड-प्रोटीन पेशी मोठी, म्हणजे पक्व, करणारे जीन बंदच ठेवतं, त्यामुळे पेशी अर्धवट वयातच अडकतात आणि वाढत राहतात. एट्रा म्हणजे व्हिटॅमिन ए पासूनचं औषध, ते राराला जाऊन बसतं आणि अडकलेली पेशी पुढे मोठी व्हायला लागते!! सोबत आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, तो पीएमएलच्या बाजूने ते जोड-प्रोटीनच मोडतो. एट्राचं काम १९८० च्या दशकात शांघायमध्ये झालं, आर्सेनिकचं हार्बिनमध्ये. सासरे सोमल ऐकून घाबरलेच होते, पण नेहमीच्या केमोशिवाय या दोन औषधांवर हाय रिस्क नसलेले बहुतेक पेशंट बरे होतात हे ऐकून रात्री धड जेवले तरी.

फिश टेस्टमध्ये, म्हणजे क्रोमोझोमची अदलाबदल दाखवणाऱ्या तपासणीत, तेच निघालं. एट्रावर पांढऱ्या पेशी एकदम वाढल्या तेव्हा मी घाबरून लॅबलाच फोन लावला, मॅडम म्हणाल्या पेशी मोठ्या होताना असं होतं, पण ताप किंवा धाप दिसली तर एक मिनिट न थांबता वॉर्डात सांगा, आणि रात्री धाप लागलीच, सांगितलं, स्टिरॉइड लगेच सुरू झालं. दीर आता घरी आहे, औषधाचे राउंड चालू आहेत.

एक स्टार कापला तो काउंटरसाठी. जीन टेस्टचे पैसे वेगळे लागतात हे आधी कोणी सांगत नाही आणि रिपोर्ट सगळा इंग्लिशमध्ये, दोन ओळी हिंदीत लिहायला काय जातं, गावाकडून किती लोक येतात तिथे. रविवारी सॅम्पल घेतात पण जीन टेस्टचं पुढे पाठवायचं काम सोमवारी, तेव्हा शक्य असेल तर शनिवारी सकाळीच द्या, आणि स्लाइड बघून मॅडमनी फोन करावा असं फॉर्मवर लिहून घ्या.